नळातील वायूचा ‘सुरक्षित वेग’ : एक संज्ञा, अनेक अर्थ

‘वेगमर्यादा’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो रस्त्यावरील वाहनांच्या संदर्भात. तेथे मर्यादा म्हणजे एक ठरावीक आकडा. कारखान्यातील नळांतून वाहणाऱ्या वायूस हाच शब्द लावला, म्हणजे ‘सुरक्षित वेग’ असा एकच आकडा येथेही असावा, अशी समजूत होते. वस्तुतः येथे मर्यादा अनेक आहेत. त्यांची कारणे भिन्न आहेत आणि त्यांचे बंधनही सारख्या बळाचे नाही. मराठी क्रियापदाची तीन रूपे समोर ठेवली असता हा भेद स्पष्ट होतो.

पहिले रूप ‘असावा’. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, समुद्रातील तेलउत्पादन-मंचांसाठी केलेल्या 14-ई या शिफारशीनुसार नळातील वायूचा वेग शक्यतो सेकंदाला 60 फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे 18 मीटरपेक्षा, कमी असावा. आवाज आटोक्यात राहावा व गंजरोधक द्रव्यास आपले कार्य करता यावे, हे त्याचे कारण. वेग याहून वाढला तर नळ तत्काळ फुटतो, असे नव्हे. वायू व द्रव एकत्र वाहत असल्यास तीच शिफारस झिजेसाठी एक सूत्र देते : 122 या स्थिरांकास मिश्रणाच्या घनतेच्या वर्गमूळाने भागावे. घनता घनमीटरला 16 किलोग्रॅम असता सुमारे 30 मीटर, तर 64 असता सुमारे 15 मीटर वेग येतो. मात्र या सूत्रात वाळूच्या प्रमाणाचा समावेश नाही. वाळू असल्यास याहून कमी वेगातही वाकणे झिजतात.

दुसरे रूप ‘असू शकत नाही’. एकसारख्या व्यासाच्या नळात वायूचा वेग त्या वायूतील ध्वनिवेगापलीकडे जाऊ शकत नाही. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनिवेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. नळाच्या टोकाशी हा वेग गाठला गेला, की पुढील दाब कितीही उतरवला तरी प्रवाह वाढत नाही. ही कोणी घातलेली मर्यादा नव्हे. हा निसर्गनियम आहे.

तिसरे रूप ‘असता कामा नये’. हे ऑक्सिजनच्या पोलादी नळास लागू पडते. गंजाचा अथवा वेल्डिंगचा कण वेगाने वाकणावर आदळला तर उष्णता निर्माण होते, आणि ऑक्सिजनमध्ये पोलाद स्वतःच पेट घेऊ शकते. म्हणून युरोपीय औद्योगिक वायू संघटनेच्या मार्गदर्शनात, प्रवाह जेथे भिंतीवर आदळतो तेथे 15 बार दाबापर्यंत सेकंदाला 30 मीटर ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढे दाब व वेग यांचा गुणाकार 450 हून अधिक होऊ द्यावयाचा नसतो. म्हणजे 30 बार दाबास 15 मीटर. येथे सेकंदाला 18 मीटर हा वर आलेला सौम्य सल्लाही धोक्याचा ठरेल.

या तिन्ही प्रकारांचे भाषांतर ‘वेग मर्यादित ठेवावा’ अशा एकाच विध्यर्थी वाक्याने केले, तर झडप उघडणाऱ्या कामगारास गोंगाट आणि आग यांतील अंतर कळणार नाही. म्हणून तांत्रिक मराठीत आकड्याबरोबर त्याचे कारण नोंदवावे, आणि क्रियापदाचे रूप धोक्याच्या प्रमाणात योजावे. तेथे व्याकरणातील काटेकोरपणा हा सुरक्षिततेचाच एक भाग होय.