टीझरमध्ये भूत कशाला?

कॉलेजच्या मुलांनी भयपट करायला घेतला की टीझरमध्ये भूत दाखवायचा मोह आवरत नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने तो आवरला. ‘द शायनिंग’च्या (१९८०) टीझरमध्ये एकच शॉट आहे. हॉटेलातली बंद लिफ्ट, जागचा न हलणारा कॅमेरा, वर सरकणारी नावं आणि चढत जाणारं संगीत. मग लिफ्टच्या फटीतून रक्ताचा लोंढा येतो, खुर्च्या वाहून नेतो आणि भिंग लाल करून टाकतो. संवाद एकही नाही.

यामागे मेंदूचं गणित आहे. अचानक मोठा आवाज झाला की मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ विचाराची वाट न पाहता शरीराला दचकवतो. डोळे मिटतात ते सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत. पण हा झटका क्षणभराचा. धास्ती टिकते ती ‘आता काय होणार’ या अनिश्चिततेने.

आवाजाचीही निवड महत्त्वाची. घाबरलेल्या प्राण्याची किंकाळी फाटते, खरखरते. संशोधक डॅनियल ब्लमस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शंभरावर चित्रपटांचे ध्वनी तपासले, तेव्हा भयपटांत असेच कर्कश आवाज जास्त आढळले.

तेव्हा आधी कागदावर सेकंदांचा तक्ता मांडा: शांतता कुठे, आवाज कुठे, शीर्षक कुठे. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा, आवाज वेगळा रेकॉर्ड करा. आणि टीझर हेडफोन लावून तपासा. चित्र थोडं अंधुक असलं तरी चालेल. ढिसाळ आवाज मात्र भयपटाचा विनोदपट करतो.