ऊन, जमीन आणि निवाडा: शिंदखेड्यातील हवामान-न्यायाचा प्रश्न

शिंदखेडा हा धुळे जिल्ह्याच्या चार तालुक्यांपैकी एक. उत्तरेला तापी, मधून वाहणारी बुराई, मुडावदजवळ तापीला मिळणारी पांझरा. नुसता नकाशा पाहिला तर इथे पाण्याची ददात नसावी असे वाटते. प्रत्यक्षात हा पर्जन्यछायेतला, बहुतांश कोरडवाहू तालुका आहे. कापूस, बाजरी आणि खानदेशची दादर ज्वारी ही इथली नेहमीची पिके. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धुळे जिल्ह्यातून शिंदखेड्याचे नाव होते. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची पायाभरणी 2019 च्या फेब्रुवारीत धुळ्यात झाली. नदी बांधावरून वाहते आणि तिचे पाणी शेतात यायला पिढ्या जातात, ही इथली जुनी कहाणी आहे.

हवामान-न्यायाची मांडणी साधारणपणे अशी केली जाते: वातावरणात कार्बन सोडण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांनाच तापमानवाढीची झळ आधी आणि जास्त बसते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत हे खरेच आहे. पण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. तापमानवाढीवर जे उपाय केले जातात, त्यांची किंमत कोण मोजतो? सौरऊर्जेला जमीन लागते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर धरली, तर पाचशे मेगावॅटच्या प्रकल्पाखाली दोन-अडीच हजार एकर जाते. ही जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावरची असते. शिंदखेड्याला ही दुसरी बाजू फार कठोरपणे समजली.

दोंडाईचाजवळच्या विखरण आणि मेथी परिसरात महानिर्मितीचा 3,300 मेगावॅटचा कोळशावरचा औष्णिक प्रकल्प उभा राहणार होता: 660 मेगावॅटचे पाच संच. 2009 च्या सुमारास भूसंपादनाच्या हालचाली सुरू झाल्या. पुढे औष्णिक प्रकल्प मागे पडला आणि त्याच जमिनीवर सौरप्रकल्पाचा बेत आला. पर्यावरणाच्या हिशेबाने हा बदल चांगलाच. राखेचे डोंगर टळले, तापीच्या पाण्यावरचा भार टळला. ज्याची जमीन गेली, त्याच्या हिशेबात मात्र काहीही बदलले नाही. मोबदल्याचे आकडे आणि ते ठरवणारे कागद जुनेच राहिले.

विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन या संपादनात गेली. मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. आपल्या शेतात आंब्याची झाडे होती, पाण्याची सोय होती, तरी त्याची नोंद धरली गेली नाही आणि शेजारच्या कमी जमिनीला मात्र कितीतरी पट रक्कम मिळाली, ही त्यांची तक्रार होती. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत अर्ज देऊन झाले. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. सरकारने देऊ केलेले 15 लाखांचे सानुग्रह अनुदान कुटुंबाने नाकारले; त्यांचे म्हणणे एवढेच होते की मदत नको, जमिनीचा रास्त दाम द्या. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि रक्कम व्याजासह सुमारे 54 लाखांवर गेली. चार आणि चोपन्न. एकाच जमिनीचे हे दोन आकडे आहेत आणि त्यांच्या मधे एका माणसाचा जीव आहे. दुसरा आकडा कायद्याच्या चौकटीत बसत होता, तर तो आधीच का निघाला नाही, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर असू शकत नाही.

हा फरक कसा पडतो हे समजण्यासाठी भूसंपादनातली एक पायरी जवळून पाहावी लागते: संयुक्त मोजणी आणि पंचनामा. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक, महसूल खात्याचा माणूस आणि ज्या संस्थेसाठी जमीन घ्यायची तिचा प्रतिनिधी शेतावर येतात. गटाच्या हद्दी मोजल्या जातात. विहीर, कूपनलिका, पाइपलाइन, गोठा, बांधावरची आणि शेतातली झाडे यांची जंत्री होते. फळझाडांचे मूल्य जात, वय आणि उत्पन्न पाहून ठरते. त्यामुळे आंब्याचे कलम लहान रोप म्हणून लागले की फळावर आलेले झाड म्हणून, यावर लाखांचा फरक पडतो. त्यातच सातबाऱ्याच्या पीकपाहणीच्या रकान्यात जमीन जिरायत लागली असेल, तर बागायतीचा दर मिळत नाही. खानदेशात अनेकांनी विहीर खोदली, झाडे लावली, पण तलाठ्याकडे जाऊन नोंद करून घेतलेली नसते. शेतातले हिरवे रान कागदावर पडीक राहते. निवाडा कागदावरून होतो आणि त्या दिवशी शेतावर कोण हजर होते, कोणी काय लिहून घेतले, याला मग पुढची दहा-वीस वर्षे चिकटून राहावे लागते.

कायद्याचा फेरही मोठा आहे. 1894 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरायचा तो पहिल्या अधिसूचनेच्या तारखेचा, त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम. वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाण्याची सोय होती, पण मुदत थोडी आणि वकिलाचा खर्च मोठा. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या 2013 च्या नव्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक लावला आणि दिलासा रक्कम शंभर टक्के केली. म्हणजे मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. सामाजिक परिणामांचे मूल्यांकनही आले. मात्र जुन्या कायद्याखाली निवाडा होऊन गेला असेल, तर प्रकरण सामान्यतः जुन्याच हिशेबाने चालते. एकाच शिवारात एकाला जुना दर, दुसऱ्याला नवा, तिसऱ्याला थेट खरेदीचा, अशी स्थिती त्यातून तयार होते. गावातला सलोखा यानेच जातो. शांततेचा आणि आर्थिक न्यायाचा संबंध इतका सरळ आहे.

खानदेशात हा संबंध ओळखणारी माणसे पूर्वीपासून होती. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात धुळे तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे झाले. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी पुढे खानदेशातल्या शेतकरी-कामगारांच्या प्रश्नांत स्वतःला झोकून दिले. विनोबांनी 1951 मध्ये भूदान सुरू केले. मन वळवून जमीन मिळवायची, हा तो मार्ग. त्यात नैतिक बळ मोठे होते, पण जमिनीची मालकी नोंदवहीत बदलली नाही तर दान कागदावरच राहते, हेही त्या काळात दिसले.

त्याच सर्वोदयी वळणाचा, भजनात रमणारा भिल्ल कार्यकर्ता अंबरसिंग सुरतवंती शहादा भागात उभा राहिला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. 1971 च्या मे महिन्यात शहाद्याजवळ पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. 30 जानेवारी 1972 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. शहरांतून आलेले उच्चशिक्षित तरुण, त्यांत कुमार शिराळकर, विजय कान्हेरे, दीनानाथ मनोहर, अंबरसिंगांबरोबर राबले आणि श्रमिक संघटना आकाराला आली. या संघटनेचे काम घोषणांइतकेच कागदांचे होते. सावकाराकडे गेलेल्या जमिनींचे जुने उतारे काढायचे, कोणता व्यवहार कायद्यात बसत नाही ते दाखवायचे, सालदाराचे साल ठरवताना मजुरी वाढवून घ्यायची. बायकांनी दारूभट्ट्यांविरुद्ध मोर्चे काढले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा 1974 चा कायदा या वातावरणात आला. अंबरसिंग 1974 मध्ये गेले, पण उतारा वाचता येणारा कार्यकर्ता ही त्यांच्या चळवळीची देणगी टिकली.

धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील हे आणखी वेगळे उदाहरण. 1978 मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, मार्क्सवादाची फुले-आंबेडकरांशी सांगड घातली आणि संस्कृत-पालीचे मूळ ग्रंथ अभ्यासून 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिले. विद्यापीठातील पद नाही, तरी प्राच्यविद्येतला हा तोलामोलाचा अभ्यासक साक्री-नवापूरकडच्या वनजमीन कसणाऱ्या भिल्लांच्या मोर्चातही चालत असे. जात आणि वर्ग वेगळे काढून जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांचे म्हणणे आजच्या ऊर्जा प्रकल्पांनाही लागू पडते.

अभ्यास आणि आंदोलन यांची गाठ सर्वात पक्की बसली ती नर्मदेच्या काठी. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली, तीही तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, मणिबेली त्यांतले पहिल्या फळीतले. मेधा पाटकर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून आल्या होत्या; त्याच संस्थेकडे महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाच्या देखरेखीचे काम होते. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या त्रुटींवर बोट ठेवले आणि 1993 मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. बुडिताच्या गावांत आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. 1894 चा कायदा बदलला पाहिजे, ही मागणी देशभर ज्या लढ्यांनी नेली, त्यांत नर्मदेचा लढा अग्रभागी होता. म्हणजे विखरणला ज्या नव्या कायद्याचा लाभ पूर्णपणे मिळाला नाही, त्याची मुळे जुन्या धुळे जिल्ह्याच्याच एका कोपऱ्यात आहेत.

विजेच्या अर्थशास्त्राचा अभ्यास महाराष्ट्रात पुण्याच्या प्रयास संस्थेने केला. गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी एन्रॉनच्या दाभोळ करारातले आकडे उलगडून दाखवले आणि वीज मंडळावर किती बोजा पडेल ते सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत सांगितले. अभियंता के. आर. दाते यांनी पाणी आणि ऊर्जा यांचा एकत्र विचार केला. सांगली जिल्ह्यात तांदुळवाडीच्या बळीराजा धरणावर दाते, भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट यांनी शेतकऱ्यांबरोबर काम केले. तिथे भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा हे तत्त्व धरले गेले. हे तत्त्व ऊर्जेला का लागू करू नये? ऊन आणि वारा या कोणाच्या खाजगी मालकीच्या गोष्टी नाहीत.

वाऱ्याचा अनुभव शेजारच्या साक्री तालुक्याने घेतला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचा मोठा समूह उभा आहे. तिथे वनजमीन प्रकल्पांना वळती झाली, त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या तीच वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क प्रलंबित होते. सत्यशोधक चळवळीतल्या संघटनांनी हा विरोधाभास मांडला. आणि याच साक्रीत बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990 च्या दशकापासून शेकडो हेक्टर जंगल स्वतः नियम करून राखले. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. कार्बन शोषून घेणारे ते जंगल आहे, पण गाव त्याकडे पाणी, चारा, रानभाज्या आणि स्थलांतर थांबवण्याचे साधन म्हणून पाहते. निर्णय ग्रामसभेचा असल्याने तिथे कोणाला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत.

सौरऊर्जेत संपादनाला पर्याय निघालेला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतली जाते; हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, शेतीपंपांना दिवसा वीज मिळते. हलक्या, नापिकीच्या जमिनीच्या मालकासाठी हा व्यवहार कापसाच्या बेभरवशाच्या उत्पन्नापेक्षा नक्कीच बरा आहे आणि विखरणच्या वेळी हाच मार्ग असता तर चार आणि चोपन्नचा वाद उद्भवलाच नसता.

तरी या योजनेत एक मोठी जागा रिकामी आहे. भाडे मिळते ते सातबाऱ्यावरच्या नावाला. त्या शेतात निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाया, सालदार, बटाईने कसणारा, पडीक रानात शेळ्या-मेंढ्या चारणारा मेंढपाळ, यांचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते, म्हणून भाडेकरारातही नसते. जमिनीला कुंपण पडले की त्यांचे काम आणि चराई जाते आणि सौरपट्ट्या धुण्याला, राखणीला लागणारी माणसे मोजकीच असतात. 2013 च्या कायद्याने जमिनीवर उपजीविका असणाऱ्या भूमिहीनांनाही बाधित कुटुंब मानले आहे; पण जमीन भाड्याने घेतली की तो कायदाच लागू होत नाही. श्रमिक संघटनेने 1972 मध्ये सालदाराचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाबरोबर घेतला होता आणि बळीराजा धरणावर भूमिहीनाला पाण्याचा वाटा मिळाला होता. सौर भाड्याचा ठरावीक हिस्सा ग्रामसभेमार्फत भूमिहीन कुटुंबांना देणे, मूळ करारातच स्थानिक मजुरांना कामाची हमी घालणे आणि मोजणीच्या वेळी कसणाऱ्याचीही नोंद घेणे, या तीन गोष्टींसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. शासन निर्णयात काही ओळी वाढवाव्या लागतील आणि पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना.