दुरावलेले नवरा-बायको पुन्हा एकत्र कसे येतात? व्हिक्टोरियन प्रेमकादंबरीची घडण

बहुतेक प्रेमकथा लग्नापाशी संपतात. व्हिक्टोरियन इंग्लंडवर बेतलेल्या प्रेमकादंबऱ्यांतला एक लोकप्रिय प्रकार मात्र लग्न मोडकळीला आल्यावर सुरू होतो. वर्षानुवर्षे वेगळे राहिलेले नवरा-बायको पुन्हा समोरासमोर येतात. या कथानकाला त्या काळाच्या कायद्याचाच आधार असतो. तो कसा, ते क्रमाने पाहू.

सुटकेची वाट बंद. १८५७पर्यंत इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तो खर्च श्रीमंतांनाच झेपे, आणि असा कायदा मिळवलेल्या बायका एकूण चारच. १८५८च्या जानेवारीत लंडनला घटस्फोटाचे न्यायालय सुरू झाले, तरी भेदभाव राहिलाच. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. ‘आमचे पटत नाही’ हे कारण चालत नसे. दोघांनी संगनमताने अर्ज केल्याचे दिसले, तर तो फेटाळला जाई. म्हणून गैरसमजातून दुरावलेले जोडपे कादंबरीत कागदोपत्री बांधलेलेच राहते: तो परदेशी, ती इंग्लंडमधल्या घरी.

पैसा आणि मुले. कथा कोणत्या साली घडते, यावर नायिकेचे बळ ठरते. १८३९च्या कायद्याने, लेखिका कॅरोलाइन नॉर्टनने मुलांसाठी केलेल्या झगड्यानंतर, आईला सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागता येऊ लागला. त्याआधी मुले बापाचीच. १८७०च्या कायद्याने विवाहितेची कमाई तिची झाली, आणि १८८३पासून लग्न करणाऱ्या स्त्रीची सगळी मालमत्ता तिच्याच नावावर राहू लागली. म्हणजे १८३८ साली घर सोडणारी नायिका बहुधा रित्या हाताने आणि मुलांवाचून निघते. १८८५ची नववधू स्वतःच्या पैशावर जगू शकते.

पुन्हा गाठ पडते. त्यासाठी लेखकाला सबळ निमित्त लागते: आजारपण, वारसा किंवा घटस्फोटाची मागणी. ॲन ब्राँटेच्या १८४८च्या ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मध्ये हेलन छळणाऱ्या नवऱ्याला सोडून जाते आणि त्याच्या शेवटच्या आजारात शुश्रूषेला परतते. शेरी थॉमस यांच्या २००८च्या ‘प्रायव्हेट अरेंजमेंट्स’मध्ये बायको घटस्फोट मागते, तर नवरा आधी वारस मागतो. इथेही कायदा कामाला येतो. जोडीदाराचा व्यभिचार कळल्यावरही कोणी त्याच्याशी पुन्हा संसार केला, तर न्यायालय तो अपराध माफ झाला असे मानी. त्यामुळे दुखावलेल्या जोडीदाराने एक रात्र जवळ घालवली, तरी हातातला दावा जाऊ शकतो. प्रत्येक जवळिकीला कथेत वजन येते ते त्यामुळे.

नकाराचा हक्क. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा टप्पा. नांदायला जाण्याचा न्यायालयाचा हुकूम मोडला तर इंग्लंडमध्ये तुरुंगवास होई. ती शिक्षा १८८४ साली रद्द झाली. १८९१च्या जॅक्सन खटल्यात, नवऱ्याला बायकोला कोंडून ठेवता येणार नाही, असा निकाल लागला. जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा हा इंग्रजी दावा मुंबईतही आला होता, आणि इथे कैदेची तरतूद कायम होती. १८८७ साली रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा आदेश झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, आणि लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

रखमाबाईंचा नकार ध्यानात ठेवून अशी कादंबरी वाचावी. आधी साल बघावे, मग विचारावे: हिला ‘नाही’ म्हणता आले असते का? कायद्याने ती वाट दिली नसेल, तर नायकाने ती मनापासून द्यायला हवी. तिला जाण्याची मोकळीक असूनही ती राहिली, तरच ते पुनर्मीलन. एरवी ती नुसती शरणागती.