मोजलेलें पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलुखाचे दोन भाग सांगतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखालीं, सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीकडे पसरत गेलेल्या काळ्या सपाट जमिनींत, संग्रामपूर, जळगांव जामोद, शेगांव या तालुक्यांतील पुष्कळशीं गांवें खारपाणपट्ट्यांत मोडतात. येथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें तोंडांत धरवत नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरांत विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा इलाजच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे, असें आपलें भारतीय मानक सांगतें. या पट्ट्यांतील कित्येक विहिरींनीं ती दुसरी मर्यादाहि ओलांडलेली आहे. वान धरणाचें पाणी नळावाटे अनेक गांवांत येऊन पोंचलें, हें खरें. परंतु खाऱ्या पाण्यावर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या मनांतली धास्ती नळानें धुतली जात नाहीं.

या भागांत मूत्रपिंडाच्या विकारानें जर्जर झालेलीं माणसें गांवोगांवीं भेटतात. लोक सारा दोष पाण्याला देतात. डॉक्टर अधिक जपून बोलतात. मधुमेह आणि रक्तदाब यांच्याकडे ते प्रथम बोट दाखवितात, आणि पाण्याचा वांटा किती याचा एकदम निवाडा करीत नाहींत. श्रोतेहो, तो वाद आज मला सोडवावयाचा नाहीं. आजार घरांत येऊन बसल्यावर घरच्यांनीं काय करावें, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें. माझे थोरले बंधु गेलीं चार वर्षें या व्याधीनें आजारी आहेत, आणि जें सांगणार तें बहुतेक त्यांच्या उशापायथ्याशीं बसून शिकलेलें आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोहोंतून मिळून दिवसाकाठीं जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो. बाकीचा सारा शरीर परत घेतें. या गाळण्या हळूहळू निकामी होत जातात तेव्हां रोग्याला फार काळ कांहींच कळत नाहीं. पाय सुजले, जेवण नकोसें झालें, जिना चढतांना धाप लागूं लागली, म्हणून दादा डॉक्टरांकडे गेले, तेव्हां बराचसा कारभार आटोपलेला होता.

मग डायलिसिस आलें. आठवड्यांतून तीनदां, प्रत्येक वेळीं चार तास, शरीरांतलें रक्त यंत्रांतून फिरवून धुवून परत घ्यावयाचें. या यंत्राची जन्मकथा मला नेहमीं आधार देत आली आहे. दुसरें महायुद्ध चालू असतां, जर्मनांच्या ताब्यांतील हॉलंडमध्यें, कांपेन नांवाच्या लहानशा गांवीं विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानें १९४३ सालीं तें प्रथम चालविलें. सॉसेजसाठीं वापरतात ती सेलोफेनची नळी लांकडी पिंपाभोंवतीं गुंडाळून त्यानें रक्त गाळलें. आरंभींचे रोगी जवळजवळ सारे दगावले, तरी त्यानें हात सोडला नाहीं. १९४५ सालीं ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळें शुद्धीवर आली आणि जगली. आज २०१६ च्या राष्ट्रीय योजनेमुळें जिल्ह्याच्या रुग्णालयांतून गरीबांना ही सोय विनामूल्य मिळूं शकते. एका बैठकीला सुमारें १२० लिटर अत्यंत शुद्ध पाणी लागतें. खारपाणांतल्या माणसाला आयुष्यांत प्रथमच इतकें निर्मळ पाणी लाभतें, आणि तें त्याला पितां येत नाहीं. तें यंत्रांत, रक्ताच्या पलीकडून, नुसतें वाहून जातें.

पिण्याचें पाणी मात्र मोजून. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळें घेतलेला प्रत्येक घोट पुढच्या बैठकीपर्यंत अंगांतच राहतो. पायांत, फुप्फुसांत सांठतो, हृदयावर भार पडतो. दादांना दिवसाला पाऊण लिटर नेमून दिलें आहे, आणि त्यांत चहा, ताक, वरणाचें पाणी सारें आलें. वैशाखांत घाटाखालच्या उन्हाचा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हां पाऊण लिटर म्हणजे काय, हें मी आपणांस शब्दांनीं पटवूं शकणार नाहीं.

पुष्कळ घरांतून येथेंच भांडण सुरू होतें. घरचें माणूस पहारेकरी होतें आणि रोगी चोर. रात्रीं उठून माठाशीं गेलेल्या म्हाताऱ्याला सुनेनें हटकलें, आणि तो दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं, अशी हकीगत मीं रुग्णालयाच्या बांकावर ऐकली आहे. दोघांचीहि चूक काढतां येत नाहीं. आमच्या वहिनींनीं मात्र पहिल्या आठवड्यांतच एक तांब्या निवडला, मापानें पाऊण लिटर भरून पाहिला, आणि रोज सकाळीं तो दादांच्या हाताशीं ठेवूं लागल्या. तो कधीं व किती प्यावयाचा, हें दादांनीं ठरवावयाचें. घरांत कोणीं विचारावयाचें नाहीं. जेवढें बाहेर प्यालें जाईल तेवढें ते स्वतःच त्यांतून ओतून टाकतात. दोन बैठकींमध्यें वजन किती वाढलें तें रुग्णालयाच्या कांट्यावर दिसतेंच; तो कांटा बोलतो, आम्ही बोलत नाहीं. माणसाचें सर्वस्व आजारानें हिरावून घेतलें असतां एक तांब्याभर सत्ता त्याच्या हातीं राहूं द्यावी, हें वहिनींचें शहाणपण मला एखाद्या औषधाइतकें मोलाचें वाटतें.

भेटीला येणाऱ्यांविषयीं एक शब्द. आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास जातांना शहाळें, केळीं, आणि विदर्भांत तर संत्रीं न्यावयाचीं, ही रीतच आहे. या तिन्हींत पोटॅशियम भरपूर असतें, आणि मूत्रपिंड बंद पडलेल्याच्या रक्तांत तें सांठलें तर हृदय थांबूं शकतें. औषधी म्हणून विकलें जाणारें कमी सोडियमचें मीठहि पुष्कळदां पोटॅशियमचेंच असतें. तेव्हां भेटीस जावें तें रिकाम्या हातीं आणि मोकळ्या वेळेनें. तास-दीड तास बसून, आजार सोडून दुसरें कांहीं बोलणारा पाहुणा फार दुर्मिळ आहे.

दादांच्या डाव्या हातांत रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेनें जोडलेल्या आहेत. तेथूनच सुई घालून रक्त घेतात. त्या जागीं तळवा ठेवला कीं आंत थरथर जाणवते, मांजर गुरगुरतें तशी. ती थांबली तर लागलीच रुग्णालय गांठावें लागतें. म्हणून रोज सकाळीं हात ठेवून पाहावयाचें. आमच्या घराण्यांत मोठ्या भावाला स्पर्श करावयाचा तो पाया पडण्यापुरता. या निमित्तानें मी त्यांचा हात हातांत घेऊन बसूं लागलों. हें सुख आजारानें दिलें, असें म्हणवत नाहीं. पण आजार नसता तर तें मिळालें नसतें, हेंहि खोटें नाहीं.

मनःशांतीविषयीं मला एवढेंच कळलें आहे. पहिलीं दोन वर्षें आमच्या घरांत एकच प्रश्न घुमत होता : बरें केव्हां होणार? डायलिसिसनें मूत्रपिंड बरें होत नसतें. त्याचें काम तेवढें दुसऱ्याकडून करून घेतलें जातें. मूत्रपिंडाचें आरोपण हा दुसरा मार्ग, पण तो दादांना डॉक्टरांनीं सुचविला नाहीं. हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें त्या दिवशीं वाईट वाटलें खरें. पण त्यानंतर घरांत झोंप लागूं लागली. आशेनें आणि भीतीनें आळीपाळीनें मनाला ओढावें, ही ओढाताण संपली. उद्यांचा प्रश्न गेला आणि 'आज वजन किती' एवढाच उरला, ज्याला उत्तर असतें.

पण शुश्रूषा करणाऱ्याचें मन निवलें तरी अंग थकतेंच, आणि त्याला विसांवा हवा. शेगांवच्या गजानन महाराजांच्या मंदिरांत गेलेल्यांनीं तेथील सेवाधारी पाहिले असतील. आपापला धंदा सांभाळून ते पाळीपाळीनें येतात, विनावेतन झाडलोट करतात, वाढतात, रांगा लावतात, आणि पाळी संपली कीं घरीं जातात. बारा महिने एकानेंच राबावें, अशी अपेक्षा तेथें कोणी करीत नाहीं. घरोघरच्या आजाऱ्यांपाशीं मात्र एकच बाई वर्षानुवर्षें उभी असते, आणि तिच्या त्यागाचे गोडवे गाऊन आपण मोकळे होतों. मला ही स्तुति निर्दयपणाची वाटते. आमच्या घरीं आतां आठवड्याचा कागद भिंतीला लावला आहे. सोमवारीं पुतण्या दादांना घेऊन जातो, बुधवारीं मी, शुक्रवारीं शेजारचे एक निवृत्त शिक्षक. बुधवारीं दुपारचे ते चार तास वहिनी भजनाला जातात, किंवा दार लावून नुसत्या निजतात. कोठें होतां, म्हणून त्यांना कोणी विचारीत नाहीं.