रिव्हर्स कुठंय?

गेल्या ऑक्टोबरात मी एका पुणेकर मुलाबरोबर त्याच्या पसंतीची गाडी बघायला गेलो. पस्तिशीतला मुलगा, इथे स्टुटगार्टमध्येच सॉफ्टवेअरच्या नोकरीला, मला काका म्हणतो. गाडी होती पोर्शे ९११, करेरा ३.२, गडद निळी. कागदांवर पहिल्या नोंदणीचं साल १९८७. विकणारा किंमत सांगत होता ती ‘जी ५०’ गिअरबॉक्स असलेल्या गाडीची, आणि ती नेहमी चढीच असते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. इंजिन चालू केलं नाही. क्लच दाबला, दांडा न्यूट्रलमध्ये हलवून बघितला, मग उजवीकडे नेऊन मागे ओढला. रिव्हर्स पडला.

“काय झालं काका?”

“जी ५०ला रिव्हर्स इथे नसतो,” मी म्हणालो. “हा ९१५ आहे.”

स्टुटगार्टजवळच्या एका गॅरेजात मी बावीस वर्षं जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स खोलतोय. त्याआधी पुण्यात फिटर होतो, आणि त्याच्याही आधी आबांचा मुलगा होतो. आबा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला. त्यांच्या शेजारच्या बॉनेटवर बसून मी खंबाटकी चढताना त्यांचा डावा पाय बघत असे. खालचा गिअर टाकताना ते क्लच दोनदा मारायचे. एकदा दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, पाय उचलून ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा, पुन्हा दाबायचा आणि मग गिअर. असं का, तर गिअरबॉक्सच्या आत दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. गती जुळली नाही आणि दात भिडवले, तर करकर ऐकू येते आणि दात खाल्ले जातात. आबा ती गती कानाने जुळवत होते. तेच काम करायला पुढे गिअरबॉक्सच्या आतच एक रिंग आली. ती आधी घासते, दोन्हींची गती एक करते, मगच दातांना वाट देते. तिला सिंक्रो म्हणतात.

पोर्शेची सगळी कथा या रिंगपासून सुरू होते. फाट असलेली पोलादी रिंग, तिच्यावर मॉलिब्डेनमचा थर. १९५२पासून ती त्यांच्या ३५६ गाडीत पुढे जायच्या सगळ्या गिअरना होती. ती इतकी चांगली निघाली की अल्फा रोमिओ आणि फेरारीनेही ती आपल्या गाड्यांत वापरली. गती जुळेपर्यंत ही रिंग दांड्याला पुढे सरकूच देत नाही, आणि जितका जोर लावून ढकलाल तितकी ती घट्ट अडते. हा गुण नीट समजून घेतला की जुन्या ९११शी कधी भांडण होत नाही.

९११ फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १९६३ साली आली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ते बदललं, पण आतल्या गिअरबॉक्सचं नाव ९०१च राहिलं. पाच गिअरच्या या गिअरबॉक्सची खूण अशी, की पहिला गिअर डावीकडे मागे असतो. आपल्या सवयीप्रमाणे डावीकडे पुढे ढकलाल तर रिव्हर्सला हात जाईल. दुसरा-तिसरा मधल्या ओळीत, चौथा-पाचवा उजव्या ओळीत. ही मांडणी शर्यतीच्या विचाराची आहे. एकदा गाडी सुटली की शर्यतीत पहिला गिअर फारसा लागत नाही, दुसरा-तिसरा मात्र सारखा लागतो, आणि तो एका सरळ रेषेत मिळतो. शहरात, सिग्नलमागून सिग्नल घेताना, पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला दांडा तिरका न्यावा लागतो तेव्हा तीच मांडणी त्रासाची होते.

इंजिन २.४ लिटरचं झालं तेव्हा जास्त ताकदीचा गिअरबॉक्स हवा होता. १९७२च्या मॉडेलपासून ९१५ आला आणि मांडणीही बदलली. पहिला डावीकडे पुढे, दुसरा त्याच्याच मागे, पाचवा उजवीकडे पुढे आणि रिव्हर्स पाचव्याच्या मागे. हा गिअरबॉक्स १९८६च्या मॉडेलपर्यंत चालला. पंधरा वर्षं! रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक जुन्या ९११मध्ये हाच असतो, आणि माझ्या हाताखालून सर्वांत जास्त हेच गेले आहेत.

९१५बद्दल लोक वाईट बोलतात ते मला पटत नाही. सकाळी थंड असताना ऑइल घट्ट असतं, रिंगला घासायला वेळ लागतो, दुसरा गिअर अडतो. ज्याला घाई असते तो हाताने ढकलतो आणि वर्षा-दोन वर्षांत रिंगची धार संपवतो. दांडा न्यूट्रलला क्षणभर टेकू दिला आणि मग दोन बोटांनी नेला, तर तो जातो. आबांचा पाय मला दर हिवाळ्यात आठवतो तो यासाठी.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यासाठी लोकांनी विनाकारण गिअरबॉक्स खोलून घेतलेले मी पाहिले आहेत. ९११चं इंजिन मागे, त्याच्या पुढे गिअरबॉक्स, आणि दांडा त्याच्याही बराच पुढे. मधे बोगद्यातून जाणारा एक लांब रॉड असतो. मागच्या सीटच्या मधे एक छोटं झाकण आहे, त्याखाली हा रॉड गिअरबॉक्सला जोडलेला असतो, तिथे प्लास्टिकच्या बोटभर बुश असतात. त्या झिजल्या की दांडा पातळ भाजीतल्या पळीसारखा फिरतो, गिअर सापडत नाही. त्या बुश स्वस्त आहेत. गिअरबॉक्स खोलण्याआधी झाकण काढा.

मग आला जी ५०, १९८७च्या मॉडेलला. गेट्रागने बनवलेला, जाड, मजबूत. सिंक्रो आता पोर्शेचे नव्हते, बोर्ग-वॉर्नर पद्धतीचे होते. क्लचची केबल गेली, हायड्रॉलिक आलं. रिव्हर्स डावीकडे, पहिल्याच्याही पलीकडे, पुढे. म्हणजे करेरा ३.२ बाहेरून तीच, इंजिन तेच, पण १९८४ ते ८६पर्यंत ९१५ आणि ८७ ते ८९पर्यंत जी ५०. हा गिअरबॉक्स आकाराने इतका मोठा, की त्याला जागा व्हावी म्हणून गाडीच्या मागच्या भागातली टॉर्शन बारची आडवी नळी बदलावी लागली. जुन्या गाडीत तो बसवायचा तर नळी कापून वेल्डिंग करावं लागतं. तळाशी अशी कापाकाप दिसली की कुणाच्या तरी हातात ही गाडी गेली होती हे कळतं, मग कागद काहीही म्हणोत.

टर्बोची वाट वेगळी. १९७५ची टर्बो, म्हणजे ९३०, चारच गिअरची होती. इतकी ताकद सोसायला दाते रुंद हवेत, आणि रुंद दात्यांचे पाच संच त्या पेटीत बसेनात. तिला पाचवा गिअर थेट १९८९ला मिळाला, जी ५०च्या रूपात, आणि ते तिचं शेवटचंच वर्ष होतं.

दांडा बघून फसायला होतं ते स्पोर्टोमॅटिकमध्ये. १९६८च्या मॉडेलपासून मिळणाऱ्या या गाड्यांत दांडा आहे, पण क्लचचं पेडल नाही. दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटतो. त्याच्या मुठीवर आकड्यांच्या आधी एल आणि डी ही अक्षरं असतात. मूठ वाचली की संपलं.

पुढच्या पिढ्यांत हाताला फारसं विचारण्यासारखं उरत नाही. ९६४मध्ये जी ५० राहिला, चारही चाकं ओढणाऱ्या करेरा ४साठी त्याचा भाऊ जी ६४ आला. ९९३ला सहा गिअर मिळाले. ९९६मध्ये इंजिन पाण्याने थंड होऊ लागलं आणि रॉडऐवजी केबलने गिअर पडू लागले. रिव्हर्स या सगळ्यांत डावीकडे पुढेच. २०११ला ९९१ आली ती सात गिअर घेऊन. सातवा उजवीकडे पुढे, तोही पाचव्या किंवा सहाव्यावरूनच लागतो, नाहीतर दांडा तिकडे जात नाही. चुकून चौथ्यावरून सातव्यात जाण्याची सोयच ठेवली नाही. २०१३ची जीटी३ मात्र हाताच्या गिअरशिवाय आली तेव्हा आमच्या गॅरेजात कुणी धड जेवलं नाही. २०१६च्या ९११ आरमध्ये सहा गिअरचा दांडा परतला, पण तशा गाड्या फक्त ९९१ बनल्या. वर्षभराने जीटी३लाही तो मिळाला. २०२४च्या करेरा टीला सहाच गिअर आहेत आणि दांड्याची मूठ अक्रोडाच्या लाकडाची.

पण हाताने दिलेली साक्ष पुरेशी नसते, ती पेटीवर ठोकलेल्या आकड्याशी ताडून बघावी लागते. त्या दिवशी गाडी आम्ही लिफ्टवर घेतली. गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला तेल आणि धुळीचा चाळीस वर्षांचा थर होता. आधी वेस्टने पुसला, मग ब्रश आणि रॉकेलने. टॉर्च आडवा धरला, कारण सरळ उजेडात ठोकलेले आकडे दिसत नाहीत, आडव्या उजेडात त्यांची सावली पडते. आधी ९, मग १, मग ५, आणि तिरप्या रेषेनंतर प्रकार सांगणारे दोन अंक. मुलाने ते स्वतः वाचावेत म्हणून मी बाजूला झालो.

विकणारा खोटं बोलत होता का? त्याचाही चेहरा उतरला होता. मी चासिस नंबर बघितला. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. एफ म्हणजे ८५, जी म्हणजे ८६, एच म्हणजे ८७. इथे होतं जी. गाडी ८६च्या मॉडेलची होती, विकली न जाता शोरूममध्ये बसली असणार, आणि नोंदणी झाली पुढच्या वर्षी. नोंदणीच्या सालावरून त्याने जी ५० धरला होता. त्याने ते आमच्यासमोर मान्य केलं आणि किंमत उतरवली.

“काका, मग घेऊ की नको?”

मी ऑइलचा बोल्ट काढून बघितला. त्याला चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची बारीक चिकट भुकटी होती, बोटावर घेऊन चोळली तर टोचली नाही. तुकडा एकही नाही. रिंगा अजून शाबूत होत्या.

“घे,” मी म्हणालो. “दुसऱ्याला घाई करू नकोस.”

मार्चमध्ये तो गाडी घेऊन आला, दांडा ढिला वाटतो म्हणाला. मागचं झाकण काढलं, बुश बदलल्या, तासाभरात काम झालं. अंगण अरुंद, मागे भिंत. तो बसला, क्लच दाबला आणि माझ्याशी बोलता बोलताच दांडा उजवीकडे नेऊन मागे ओढला.