गुडघे दुखतात म्हणून बसून राहायचं का?

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, सह्या-अंगठे झाले, की उठताना निम्म्या जणींच्या तोंडून "आई गं" निघतं. सोयाबीनची खुरपणी, उकिडवं बसून धुणंभांडी, डोक्यावर हंडा. या गुडघ्यांनी जन्मभर काम ओढलंय. मग घरातली माणसं मायेनं म्हणतात, "आत्या, आता तुम्ही बसा." नुकसान इथंच सुरू होतं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांना कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. वय, वजन, जुना मार यांनी ते झिजतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं आणि ते हालचालीनंच आत मुरतं. शिवाय मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार पेलतात. बाई खाटेला टेकली की ते वाळतात, भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि बाई आणखीच बसते.

म्हणून रोज थोडं करायचं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच अंक मोजा, सोडा. असं दहादा. मग खुर्चीवरून सावकाश उठबस. प्लास्टिकची खुर्ची सरकते, ती भिंतीला टेकवूनच ठेवा. सकाळी सपाट रस्त्यानं दहा मिनिटं चाला, हळूहळू अर्ध्या तासावर न्या. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि आपल्या बाया चौथ्या दिवशीच सोडतात!

व्यायामानं थोडं दुखणारच. दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं तर काळजी नको. जास्त ठणकलं तर व्यायाम कमी करा, बंद नको. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. मेडिकलमधून स्वतःच आणलेली दुखण्याची गोळी मात्र रोज घेऊ नका. पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा पाय अडकून बसला तर थेट डॉक्टरांकडे जा.

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणंच जड. कठडा धरा. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाका, चढताना चांगला पाय आधी वर. उठबस आजच सुरू करा.