डायलिसिसचा हात सांभाळा

आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाणारे माणूस घरात असले की सगळ्यांचे लक्ष मशीनकडे असते. पण रोज जपावा लागतो तो हात.

मशीनला मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त लागते. हाताच्या साध्या शिरेतून एवढे रक्त मिळत नाही. म्हणून छोटे ऑपरेशन करून हाताची शीर धमनीला जोडतात. धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते आणि वारंवार सुया टोचून घेण्याजोगी बनते. हाच फिस्टुला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. आजही तीच सर्वांत चांगली मानली जाते.

मात्र फिस्टुला तयार व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. "सण होऊ दे, मग बघू" म्हणत दिवस गेले आणि अचानक डायलिसिसची वेळ आली, तर मानेत नळी घालावी लागते. ती लगेच वापरता येते, पण तिच्यातून जंतू थेट रक्तात जाण्याचा धोका मोठा असतो. नळी असताना थंडी वाजून ताप आला, तर घरची गोळी देऊन वाट पाहू नका.

फिस्टुलावर रोज सकाळी बोटे ठेवा. आत थरथर जाणवली पाहिजे. ती थांबली, तर आत गुठळी झालेली असू शकते. पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोटे गार, बधीर किंवा पांढरी पडणे, हात सुजणे, जागा लाल होणे किंवा पू येणे, फुगवट्यावरची कातडी पातळ व चकचकीत होणे, हेही लगेच दाखवा. रक्त वाहू लागले, तर त्या जागेवर बोटाने घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

त्या हाताला बीपीचा पट्टा, सलाईन, रक्ततपासणीची सुई नको. घट्ट बांगड्या, घड्याळ, मनगटाला आवळलेला दोरा नको. बाजाराची जड पिशवी त्या हातात अडकवू नका, तो हात उशाला घेऊन झोपू नका.

ज्यांची किडनी कमजोर आहे पण डायलिसिस सुरू झालेले नाही, त्यांनी डॉक्टरांना आजच विचारावे, "फिस्टुला कधी करायचा?" तोवर, ज्या हाताने काम कमी करतो, त्या हाताच्या शिरा सुईपासून जपाव्यात.